उजवीकडे साथीदार

संगीताचे मासिक निघते, याचे मला लहानपणी फार नवल वाटे. अत्तराचे मासिक निघत नाही, कारण पान हुंगून काही कळत नाही. मग ऐकायची वस्तू छापून विकणाऱ्या माणसाची छाती केवढी असेल! आणि ते मासिक वर्गणी भरून घेणाऱ्याची त्याहून मोठी. असे दुसऱ्या प्रकारचे छातीवाले गृहस्थ आमच्या घरातच होते. ते म्हणजे माझे मामाजी.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मामा दोन प्रकारचे असतात. एक मा.मा. तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. यांच्या पाण्यावर धान पिकते. दुसरे आईचे भाऊ, ज्यांच्या जिवावर भाचे पिकतात. माझे मामाजी ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यात राहत. चार बांध्या धान, एक बैलजोडी आणि दोन पेट्या एवढी त्यांची इस्टेट. एक पेटी वाजवायची आणि दुसरी लोखंडी. वाजवायच्या पेटीतून दिवसा सूर निघत आणि लोखंडी पेटीतून दुपारी मासिके निघत. उन्हाळ्याच्या सुटीत मी दोन्ही पेट्यांशी खेळत असे. पहिलीला हात लावला की ओरडा बसे, म्हणून दुसरीशी जरा जास्त.

त्या लोखंडी पेटीत हाथरसचे 'संगीत' असे. हे हिंदी मासिक १९३५ सालापासूनचे, आणि ते काढणारे संगीत कार्यालय १९३२ साली सुरू केले ते काका हाथरसींनी, म्हणजे चक्क एका हास्यकवीने! हे मला पुढे कळले तेव्हा विनोदी लेख लिहिणाऱ्याने संगीतावर बोलायला हरकत नाही, असा मला धीर आला. त्याचाच परिणाम आपण भोगत आहात. मिरजेहून निघणाऱ्या 'संगीत कला विहार'चे १९४७ नंतरचे काही अंकही त्या पेटीत होते. शिवाय तळाशी, जुन्या धोतराखाली, सिनेमाची रंगीत मासिके. ती मामींना माहीत नाहीत अशी मामाजींची समजूत होती आणि ती समजूत मामींनी शेवटपर्यंत मोडली नाही.

मामाजींचे या मासिकांवर प्रेम असण्याला एक स्थानिक कारणही होते. आमच्या जंगलातला बांबू बल्लारपूरला जाई. तिथे १९४५ सालचा कागदाचा कारखाना. बांबू आत गेला की कागद होऊन बाहेर. त्यामुळे देशात कुठेही काही छापून आले की त्यात आपल्या झाडीचा हिस्सा आहे, असा मामाजींचा पक्का ग्रह होता. मासिक आले की आधी ते कागद बोटांत चोळून पाहत आणि म्हणत, "आपलाच बांबू हाये जी." मग चष्मा.

सुरुवातीला मला वाटे की संगीताच्या मासिकात चित्रे नसतातच, नुसते नोटेशन असते. पण मामाजी नोटेशनचे पानसुद्धा चित्रासारखे पाहत. पान जरा लांब धरून, डोळे बारीक करून सांगत, "यात लंबे सूर हायेत. हे पान पऱ्हे लावल्यावानी दिसते, दूर दूर." आणि दाट छापलेले पान असले की, "हे तानांचं. इथं निंदन लागते!" मी पुढे चित्रकलेचा मास्तर झालो, पण छापलेले पान हे वाचण्याच्या आधी दिसते, हा त्या विषयातला पहिला धडा मला एका शेतकऱ्याने दिला.

दुसरा धडा टिंबाचा. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असले की तो तार सप्तकातला, खाली असले की मंद्रातला. पलुसकरांच्या पद्धतीत डोक्यावरचे टिंब म्हणजे मंद्र, आणि तार दाखवायला डोक्यावर उभी रेघ! टिंब तेच, डोकेही तेच. पण एका घराण्यात ते माणसाला गच्चीवर चढवते आणि दुसऱ्यात तळघरात उतरवते. पद्धतींचा घोळ करून मामाजींनी एकदा एक भजन असे काही काढले की शेजारच्या आजीबाई "कोनाले इंचू चावला का जी?" म्हणत कंदील घेऊन आल्या. खूण कुठे काढली आहे याबरोबर ती कोण वाचतो आहे यावर अर्थ ठरतो, हे मला त्या रात्री कळायला हरकत नव्हती. कळले नाही. त्याची शिक्षा मला बऱ्याच वर्षांनी झाली. ती गोष्ट पुढे येईलच.

आता खऱ्या चित्रांकडे वळू.

संगीताच्या मासिकात, किंवा कुठल्याही मासिकाच्या संगीतविशेषांकात, मध्यभागी एक जोडपान असते. ते उघडले की दोन पानांवर पसरलेला एक गवई दिसतो. या गवयांची चित्रे नीट पाहा. डोळे मिटलेले असतील तर ख्याल. डोळे उघडे आणि नजर छपराकडे असेल तर ठुमरी. दात दिसत असले तर भावगीत. तळहातावर गाल टेकला असेल तर तो गवई नव्हेच, तो गीतकार. मागे उभा तंबोरा असेल तर घराणे जुने. तंबोऱ्याऐवजी मायक्रोफोन असेल तर मानधन नवे. आवाज छापता येत नाही, म्हणून छायाचित्रकार गळ्याचे काम हातावर ढकलतो. मग गवयाचा हात हवेत काहीतरी ओढताना, झेलताना किंवा हाकलताना टिपला जातो. फोटोत न दिसणारी माशी कुठे बसली असेल याचा मी तासन् तास विचार केलेला आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत १९६७ च्या नोव्हेंबरात 'रोलिंग स्टोन' नावाच्या संगीताच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. त्यावर बीटल्समधला जॉन लेनन होता, पण त्याच्या हातात गिटार नव्हती, तर डोक्यावर शिपायाचे शिरस्त्राण होते. एका सिनेमातला फोटो! म्हणजे अंक संगीताचा आणि मुखपृष्ठ पलटणीचे. संगीताची मासिके सूर विकत नाहीत, माणूस विकतात. सूर आपण फुकट कल्पून घ्यायचे असतात.

या धंद्यातले सर्वांत गाजलेले चित्र मात्र गवयाचे नाही, कुत्र्याचे आहे. तबकडीवरचा तो भोंग्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा आपण सर्वांनी पाहिला आहे. फ्रान्सिस बरॉड या इंग्रज चित्रकाराने तो काढला. मूळ चित्रात कुत्र्यापुढे नळकांडीचा फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घ्यायचे ठरवले तेव्हा, १८९९ साली, तो फोनोग्राफ रंगाखाली पुरून वर कंपनीचा ग्रामोफोन रंगवण्यात आला. ऐकणारा तोच ठेवून साथीदार परस्पर बदलण्याची प्रथा तेव्हापासूनची असावी.

साथीदार हा शब्द आला, म्हणून आता मामाजींच्या फोटोची हकीकत सांगतो.

१९७० च्या आसपासची गोष्ट. चंद्रपूरला एक मोठे गवई आले होते. त्यांचा पेटीवाला ऐन वेळी तापाने आडवा झाला. कुणीतरी मामाजींचे नाव सुचवले. मामाजी धानकापणी टाकून गेले आणि तीन तास साथ करून आले. त्या काळी आकाशवाणीने पेटीला दार बंद केलेले होते. १९४० साली घातलेली ती बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली. म्हणजे पेटीवाल्याला रेडिओवर ऐकू येण्याची सोय नव्हती. छापून आला तर मासिकात दिसण्याचीच काय ती आशा. मैफलीत एक फोटोग्राफर हिंडत होता. पुढले तीन महिने मामाजी पोस्टमनची वाट पाहत राहिले.

आणि एका मासिकात तो फोटो खरोखरच आला. तोही जोडपानावर! पण जोडपान म्हणजे काय हे आधी समजून घेतले पाहिजे. तिथे मधोमध घडी असते आणि घडीवर दोन पिना असतात. गवई फोटोच्या बरोबर मध्ये बसलेले. फोटो आहे तसा छापला असता तर पिन थेट बुवांच्या नाकातून गेली असती. म्हणून मांडणी करणाऱ्या इसमाने बुवांना उजव्या पानावर सरकवले. बुवा वाचले. पण बुवांच्या जागी डावीकडचे तबलजी आले. एक पिन त्यांच्या डग्ग्यात आणि दुसरी कपाळात. आणि बुवांच्या पलीकडे, उजव्या कडेला बसलेले मामाजी पानाबाहेर पडले. पूर्ण मात्र पडले नाहीत. कोपरापासून पुढचा उजवा हात पानात राहिला. पेटीच्या पट्ट्यांवर चार बोटे. खाली ओळ छापली होती : 'मैफलीत रंगलेले बुवा. उजवीकडे साथीदार.'

मांडणीच्या दृष्टीने काम चोख होते, हे मी चित्रकलेचा मास्तर म्हणून आजही कबूल करतो. काळ्या पार्श्वभूमीवर बुवांचा चेहरा, वर मोकळी जागा, आणि कडेने आत आलेला तो निनावी हात. चित्राला तोल येतो. फक्त ज्याचा हात होता त्याचा तोल जातो.

मामाजींनी अंक गावभर दाखवला. "हा हात माझा." लोक चावडीवर अंक फिरवत होते. एकजण म्हणाला, "कशावरून जी मास्तर? हात तं कोनाचाबी असू शकते." तेवढ्यात एका म्हाताऱ्याने पान डोळ्याजवळ नेले. मामाजींच्या तर्जनीचे टोक धानकापणीत विळ्याने गेलेले होते. ते तसेच्या तसे छापले होते. "बोट मास्तरचंच हाये," म्हाताऱ्याने निकाल दिला. "माह्याच बांधीत कापलं होतं." त्या मासिकाच्या सगळ्या वाचकांना त्या पानाचा जो अर्थ लागला नाही, तो एका निरक्षर माणसाला लागला. मामी एवढेच म्हणाल्या, "बाकीचे तुमी कुठं होते?"

मामाजींचे खरे आयुष्य मात्र मैफलीत नव्हते. ते झाडीपट्टीच्या नाटकात होते.

झाडी म्हणजे जंगल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आमचा झाडीचा पट्टा. धान घरात आले, दिवाळी झाली, मंडई सुरू झाल्या की गावोगाव नाटके सुरू होतात ती होळीच्या आसपासपर्यंत. कुठे शंकरपट असतो. दिवसा बैल धावतात आणि रात्री नट. पडदा रात्री दहाच्या पुढे उघडतो आणि पहाटे कोंबड्याच्या साक्षीने पडतो. या सगळ्या उद्योगाची राजधानी म्हणजे वडसा, ऊर्फ देसाईगंज. तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसे आहेत. गावची मंडळे तिथे जाऊन, बैल पारखावा तसे नाटक पारखून ठरवून येतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वडसा तिकडे गेले आणि मामाजींचे गाव इकडे राहिले. मध्ये वैनगंगा. त्यामुळे नोकरीसाठी परजिल्ह्यात जाणारा आमच्या घराण्यातला पहिला पुरुष होण्याचा मान मामाजींना घरबसल्या मिळाला. ते ऑर्गन वाजवीत. हातांनी सूर, पायांनी भाता. त्यांच्या मते उरलेले डोके नाटक विसरलेल्या नटाला ओळ आठवून देण्यासाठी असते.

या नाटकांची पोस्टरे हा माझ्या टीकेचा आवडता विषय होता. इंटरमीजिएट ड्रॉइंगमध्ये 'बी' ग्रेड मिळवलेल्या माणसाने ती पाहू नयेत. पोस्टरवर श्वास घ्यायला जागा नसते. सर्वांत वर देव. देवाखाली उद्घाटक, अध्यक्ष, सहअध्यक्ष, प्रमुख अतिथी आणि विशेष अतिथी. ही यादी एवढी मोठी की सगळे खरोखर आले तर प्रेक्षकांना जागा उरू नये. मग नाटकाचे नाव. त्यात बहुधा कुंकू, लेक, बाप, सौभाग्य आणि वैरी यांपैकी एक शब्द, आणि अक्षरांतून रक्त ठिबकते किंवा ज्वाळा निघतात. मग चेहरेच चेहरे. नायिका सर्वांत मोठी. टोपी तिरपी असलेला तो विनोदी नट. टोपी सरळ झाली तर तो तिचा बाप. मिशीवर हात असलेला खलनायक. लावणीवाली कोपऱ्यात, पण कोपरा सोडून बाहेर आलेली. प्रत्येक नावापुढे कंस आणि कंसात गाव. मी एक नियम शोधून काढला होता : कंसातले गाव जितके दूर, तितका फोटो मोठा. 'मुंबई'वाली वीतभर, 'नागपूर'वाला चार बोटे, आणि 'नवरगाव' किंवा 'आरमोरी' असेल तर तिकिटाच्या आकाराचा. आणि सर्वांत खाली, तिकिटाच्या दराच्या वर, फोटोशिवाय एक ओळ : संगीत. ऑर्गन अमुक, तबला तमुक, ऑक्टोपॅड ढमुक. प्रेक्षक रात्रभर जे ऐकणार ते पोस्टरवर सर्वांत बारीक अक्षरात. मुंबईवाली बाई दोन प्रवेशांत येऊन जाते. ऑर्गन दहापासून पाचपर्यंत चालतो.

हा अन्याय दूर करावा, असे माझ्या मनात फार दिवस होते. २०१२ साली मी निवृत्त झालो आणि आमच्या देशात निवृत्त माणसाच्या मनात येते तेच झाले. अन्याय दूर करायला वेळ मिळाला.

पुढल्याच हंगामात मामाजींच्या ऑर्गनला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. त्यांच्याच गावच्या मंडईत प्रयोग होता. मी मंडळाच्या पोरांना म्हटले, या वेळचा फ्लेक्स मी करतो, खर्च माझा. फुकट म्हटल्यावर कलेला विरोध होत नाही. मी वडशाला गेलो. संगणकावर फ्लेक्स करणारा एक तरणा पोरगा होता. त्याच्यासमोर मी परदेशी संगीतमासिकांतली चार पाने ठेवली आणि मोकळ्या जागेचे महत्त्व यावर एक छोटेसे व्याख्यान दिले. एक चेहरा. बाकी सगळे रिकामे. रिकाम्या जागेमुळे माणूस मोठा दिसतो. शांतता हेही संगीतच.

पोराने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, फ्लेक्सचे पैसे फुटावर लागते. रिकाम्या जागेचे बी तेवढेच लागते. काहून सोडता?"

"तीच तर कला आहे," मी म्हणालो.

"उद्घाटक तरी टाकू का जी एखादा?"

मी उद्घाटक टाकू दिला नाही. फ्लेक्स तयार झाला. आठ बाय दहा फूट. फिकट पांढऱ्या पार्श्वभूमीवर मामाजींचा काळा-पांढरा फोटो, नजर किंचित खाली, ओठांवर हसू. खाली एकच ओळ : 'पन्नास वर्षांची साथ'. अगदी तळाशी नाटकाचे नाव, तारीख आणि मंडळ, बारीक अक्षरात. रात्री आम्ही तो गावाच्या फाट्यावर लावला. मी चार पावले मागे जाऊन पाहिला. चाळीसेक वर्षांपूर्वी कडेबाहेर टाकलेला माणूस आज पानाच्या मधोमध होता. मला गहिवरून आले. मी जाऊन झोपलो.

पहाटे पाच वाजता आरमोरीच्या मावशीचा फोन आला. ती रडत होती. "कधी झालं रे? मले एका शब्दानं सांगितलं नाही!"

मी धावत फाट्यावर गेलो. फ्लेक्सला झेंडूचा हार घातलेला होता. खाली दोन उदबत्त्या जळत होत्या. पहिल्या एसटीतून उतरलेले चार लोक टोप्या काढून उभे होते. एकजण दुसऱ्याला सांगत होता, "पन्नासच वर्षांची साथ दिली जी बायकोले. अचानक गेला वाटते." आणि या सर्वांच्या मागे, हातात चहाची कपबशी घेऊन, मामाजी स्वतः उभे होते. लोकांचे लक्ष फोटोकडे असल्यामुळे त्यांच्याकडे कुणी वळून पाहिले नव्हते.

"फोटो चांगला आला रे भासा," ते म्हणाले. "लोकं मन लावून पाहून रायले."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे फाट्यावर, मोकळ्या पांढऱ्या जागेत, एकट्या म्हाताऱ्याचा मोठा फोटो लागतो तो एकाच प्रसंगी. त्या फ्लेक्सवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' तेवढी मी छापली नव्हती. ती लोकांनी मनातल्या मनात छापून घेतली. न्यूयॉर्कच्या मासिकात जी रिकामी जागा माणसाला अमर करते, तीच ब्रह्मपुरी तालुक्यात त्याला मारते. टिंब तेच, डोकेही तेच!

कंपनीचा मॅनेजर घाबरला. ऑर्गनमास्तर गेले म्हणजे प्रयोग रद्द, अशी बातमी पाच गावांत पोचली होती. शेवटी जीपवर भोंगा बांधून दिवसभर ओरडावे लागले, "ऑर्गनमास्तर जिवंत आहेत! नाटक होणार म्हणजे होणारच!" संध्याकाळी एवढी गर्दी लोटली की मंडळाला जादा कनात बांधावी लागली. काही नाटकासाठी आले होते, काही खात्री करून घ्यायला. नांदीला मामाजींनी ऑर्गनवर हात ठेवला आणि सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा लोकांनी नटाआधी ऑर्गनकडे पाहिले. माझे डिझाइन पडले, पण हेतू उभा राहिला, असे मी मनाशी म्हणत होतो.

पहाटे नाटक सुटल्यावर शेकोटीपाशी मामाजींनी माझी समीक्षा केली.

"तुह्या मासिकात एकटा मानूस म्हणजे मोठा मानूस. आमच्या इकडं एकटा मानूस म्हणजे गेलेला मानूस. जित्ता मानूस चार लोकायसंग असते ना जी. तू मले साऱ्यायपासून दूर नेऊन बसवलं. पोस्टर म्हणजे पंगत हाये. कोनाच्या पानावर लाडू जास्त, कोनाच्या कमी. पन पान साऱ्यायले."

"पण तुमचे पान सगळ्यात शेवटी, मामाजी. आणि तेही मीठ वाढायच्या जागी."

"हो. ते तं हाये," ते म्हणाले आणि शेकोटीत काडी सारत राहिले. बराच वेळ कुणीच काही बोलले नाही.

तेव्हापासून मी पोस्टरे वेगळ्या नजरेने पाहतो. त्यांच्यातला अन्याय मला अजूनही दिसतो. मुंबईचा कंस अजून मोठा आहे. रात्रभर तीन भूमिका करणारी गावची नटी अजून तिकिटाएवढी आहे. वाजवणारे अजून तळाशी आहेत. पण ती गर्दी अडाणीपणाची नव्हे, हे मला आता कळते. रात्रभर बसायला येणाऱ्याला किती माणसे आपल्यासाठी राबणार आहेत, याचा तो हिशेब असतो. जो राबणार त्याचे नाव आणि गाव, दोन्ही छापायचे, हा तिथला रिवाज. २०२३ साली गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांना त्यांचे गाव शोधावे लागले. आमच्या पोस्टरांच्या वाचकांना ते कधीचे पाठ होते. गुळगुळीत कागदावरच्या जोडपानाने मामाजींना एका शब्दात उरकले : साथीदार. खरबरीत गुलाबी हस्तपत्रकाने त्यांना कधी मोठे केले नाही, पण निनावीही ठेवले नाही.

मामाजी २०१९ च्या पावसाळ्यात गेले. पऱ्हे लावणे चालू होते. वडशाच्या त्या पोराला कळले तसा तो संध्याकाळी स्वतःच गुंडाळलेला फ्लेक्स घेऊन आला. पैसे घेईना. "सर, तुमचीच फाइल ठेवली होती. फक्त खालची ओळ बदलवली." फ्लेक्स उलगडला. फिकट पांढरी जागा, खाली झुकलेली नजर, ओठांवर हसू. या वेळी कुणाचाही गैरसमज झाला नाही. मांडणी निर्दोष होती.

तेराव्यानंतर मामींनी लोखंडी पेटी माझ्यापुढे ठेवली. "तुलेच लागते ते." मी अंक एकेक करून बाहेर काढले. तळाची सिनेमाची मासिके नीट घडी घालून, नव्या फडक्यात बांधलेली होती. हे काम मामाजींचे नव्हते. त्याखाली तो जोडपानाचा अंक होता. उघडला. पिना गंजल्या होत्या आणि तबलजींच्या कपाळावर तांबूस डाग पडला होता. बुवा तसेच रंगलेले. उजव्या कडेला तो हात, तर्जनी तुटकी.

आणि त्या हाताखाली, 'उजवीकडे साथीदार'मधला 'साथीदार' झाकून, भाताच्या शिताने एक पट्टी चिकटवलेली होती. नाटकाच्या हस्तपत्रकाच्या तळातून कापलेली, गुलाबी, बोटभर. 'ऑर्गन' हा शब्द, त्यापुढे त्यांचे नाव, आणि कंसात गाव.

पट्टी थोडी तिरपी बसली आहे. रंग बाकीच्या पानाशी जुळत नाही आणि अक्षराचे वळणही वेगळे आहे. वर्गात मी असल्या कामाला दहापैकी चार गुण दिले असते. अंक आता माझ्याकडे आहे. पट्टी मी सरळ केलेली नाही.